देवनागरीत लिहिलेला डाव

पालघरच्या बुद्धिबळ स्पर्धेतल्या त्या पंचाबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. माणूस एव्हाना म्हातारा झाला असेल, त्याला कदाचित काही आठवतही नसेल. मला सगळं आठवतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. बुद्धिबळाचं वेड कॉलेजपासूनचं. माझ्याकडे सुरुवातीच्या चालींचं एकच पुस्तक होतं, आणि त्यातल्या ओळी मी पाढ्यांसारख्या पाठ केल्या होत्या. आमच्याच कारखान्यात जवळच्या दांडी गावचा एक कोळी ठेकेदाराकडे कामाला होता, ड्रम हलवायचा. जेवणाच्या सुट्टीत मी खिशातला छोटा पट मांडून बसलो की तो मागे उभा राहून बघायचा. एकदा न राहवून म्हणाला, "साहेब, तो उंट जातोय तुमचा."

खरंच जात होता.

तो वडिलांकडून देशी बुद्धिबळ शिकलेला. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून कॅसलिंग करता येतं, हे त्याला मी शिकवलं. एवढंच मी शिकवलं. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणू लागलो आणि तो मला भाऊ. रविवारी मी सायकलने दांडीला जायचो. समोर बोंबील वाळत घातलेले, आणि आम्ही त्याच्या ओटीवर पुस्तकातल्या चालींची चिरफाड करत बसायचो.

पुस्तकात एका ठिकाणी छापलं होतं, 'पांढऱ्याची बाजू वरचढ.' दादा म्हणाला, "का?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात हाय, पण का?"

तीन रविवार आम्ही त्याच स्थितीवर घालवले. शेवटी दादाने काळा घोडा पटाच्या कडेला नेऊन पांढऱ्या उंटाच्या अंगावर घातला, आणि पांढऱ्याचा सगळा जोर ओसरला. पुढे मला कळलं की ही चाल जुनीच आहे, जाणकारांना माहीत आहे. आमच्या पुस्तकात ती नव्हती आणि दादाने ती स्वतःच्या डोक्याने शोधली होती.

त्याच हिवाळ्यात पालघरला एका शाळेच्या हॉलमध्ये खुली स्पर्धा होती. आम्ही दोघांनी नावं दिली. चाली लिहून ठेवणं सक्तीचं होतं. दादा सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. पटाच्या उभ्या ओळींना त्याने शाळेतल्या तुकड्यांसारखी अ, ब, क, ड अशी अक्षरं दिली होती. घोड्याला 'घो', उंटाला 'उं'. अक्षर मोत्यासारखं. कोणीही वाचून पूर्ण डाव पुन्हा मांडावा.

तिसऱ्या फेरीत त्याच्यासमोर एका मोठ्या कारखान्यातले अधिकारी आले. दरवर्षी पहिल्या तिघांत येणारे. त्यांनी नेमकी तीच सुरुवात खेळली. दादाने घोडा कडेला नेला. तासाभराने अधिकाऱ्यांचा एक हत्ती गेला होता आणि राजा उघडा पडला होता. तेव्हा त्यांनी हात वर करून पंचाला बोलावलं आणि दादाच्या कागदाकडे बोट दाखवलं.

पंचाने कागद उचलला. "हे काय लिहिलंय?"

"चाली लिवल्यात," दादा म्हणाला.

"अशी नोंद चालत नाही. नोंद इंग्रजीत लागते."

माझा डाव संपला होता, म्हणून मी उठून गेलो. म्हटलं, "नियमात तसं कुठे आहे ते दाखवा." पंच म्हणाला, "तुम्ही मध्ये पडू नका," आणि अधिकाऱ्यांच्या नावापुढे एक गुण मांडला. अधिकारी घड्याळ बघत चहाला गेले. एक हत्ती कमी असलेला माणूस जिंकून चहाला गेला.

दादाने सोंगट्या पुन्हा मांडून ठेवल्या आणि पुढच्या फेरीची वाट बघत बसला.

पुढच्या फेरीत मी मुद्दाम माझा डाव देवनागरीत लिहिला. अ, ब, क, ड. पंच दोनदा टेबलापाशी आला, कागद वाचला, पुढे गेला. मी जिंकलो. त्याने माझ्या नावापुढे गुण लिहिला. तेव्हा मी दादाचा आणि माझा असे दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले.

"यात फरक काय?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अहो, तुमचं वेगळं. तुम्हाला आम्ही ओळखतो."

मी म्हटलं, मग माझाही गुण काढा. तो काढेना. मी स्पर्धेतून नाव काढून घेतलं. उरलेल्या फेऱ्या दादा देवनागरीतच नोंद करून खेळला, आता कोणी हरकत घेतली नाही; मी बाकावर धुमसत बसलो. एसटीत दादाच माझ्यावर चिडला. "तू कशाला नाव काढलंस? तुजा डाव चांगला चालला हुता."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. पण राग आला म्हणून खेळायचं सोडू काय?"

मी आयोजकांना दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. पुढच्या वर्षी मात्र छापील अर्ज घरी आला, आणि त्यात खाली एक नवी ओळ होती: 'चालींची नोंद इंग्रजीतच करावी.' म्हणजे आदल्या वर्षी हा नियम नव्हताच. तो दादाला हरवल्यानंतर केला होता.

मी अर्ज भरला नाही. दादाने भरला. इंग्रजी अक्षरं लागत होती आठ, शिवाय सोंगट्यांची पाच. ती शिकायला त्याला एक दुपार लागली. स्पर्धेत तो तीन डाव जिंकला, दोन हरला. हरलेल्यांपैकी एक पालघरजवळच्या माहीमच्या एका शिक्षकांशी, अगदी नेटका डाव होता तो. रविवारी आम्ही ओटीवर तोच मांडला, आणि दादा आपली चूक शोधण्यात इतका रमला की मागच्या वर्षीचा विषय मी काढला तेव्हा त्याने मानही वर केली नाही.