शिवानंदचा कागद

२४ जून. उद्याच्या दुधनीच्या बैठकीसाठी महिन्याच्या आलेखांचा कागद काढायचा होता. हे काम शिवानंदचं. तो जाऊन तीन आठवडे झाले... बाजारात भाजी घेताना कोसळला. त्याच्या मेव्हण्याचा फोन आला, तेव्हा मी आधी विचारलं, कुठल्या दवाखान्यात नेलंय. घरी आणलंय, तो म्हणाला, तेव्हा समजलं.

जुळे सोलापुरातली आमची संस्था गावोगावच्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासते. पूर्वी प्रत्येक आलेख वेगळ्या पानावर असायचा. दुधनीहून नोकरीला आलेल्या शिवानंदनं संगणकावर कोड लिहून सगळे एका कागदावर आणले, पण जागा मिळेल तिथं कोंबले. घरी ताट असंच वाढतोस का, मी विचारलं. "घरी आई वाढतीय की ओ, ताई," म्हणाला आणि हसला.

दोन दिवसांनी कागद ताटासारखा मांडून आला. मध्ये भाकरी, म्हणजे हिमोग्लोबिनचा मोठा आलेख. उजवीकडं भाजी, मुलींची वजनं. डावीकडं चटणी, लोहाच्या गोळ्या न पोचलेली गावं. वरच्या पट्टीत मीठ, किती मुली तपासल्या ते. "मीठ न्हाई तर सगळं अळणी, ताई. धा पोरी तपासल्या का शंभर, कळाय नको?" कोडमध्येही त्यानं आलेखांना हीच नावं दिली होती. प्रत्येक आलेखाचं एक अक्षर, अक्षरांच्या ओळी म्हणजे कागदाचा नकाशा. जे अक्षर जास्त वेळा येईल त्याला जागा जास्त.

आता संचालक म्हणाले, राहू दे, तयार सॉफ्टवेअर आहे, वेगवेगळी पानं पाठवू. दुधनीचं केंद्र सांभाळणाऱ्या महादेवीला मी तसं कळवलं.

"तसलं बाड नको, मॅडम. भिंतीवर लावाय एकच कागद पायजे. जमत नसंल तर तसं सांगा."

मग बसलेच. या महिन्यापासून शाळेतल्या गैरहजेरीचा आलेख नवा होता. त्याला कोशिंबीर नाव दिलं, चटणीखाली अक्षर घातलं. कोड चालेना, एका ओळीत एक अक्षर कमी पडलं होतं. ते भरलं तर भाकरी आक्रसून नुसती पट्टी उरली. "शिवा, हे काय रे," तोंडातून गेलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान खाली घातली. मी भाकरीला आणखी दोन ओळी दिल्या... कागद नीट आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं दुधनीला गेले. महादेवीनं दारातच कागद उलगडला. कुणी केला, विचारलं नाही. बोट थेट डावीकडं गेलं. "ह्या गावात गोळ्या न्हाईत अजून?"

तिथूनच औषधभांडाराला फोन लावला. गोळ्या दुपारपर्यंत निघतील असं कबूल करून घेतलं, मग कागद भिंतीवर धरून उभी राहिले. महादेवी चिकटपट्टी लावत होती.