हैबतीशेठचं गाऱ्हाणं

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथे हैबतीला सगळे शेठ म्हणतात. शेठ कशाचा, तर महाडच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीला झारखंडची माणसं पुरवतो त्याचा. याचा बापही मुंबईत परक्याच्या कारखान्यात राबून झिजला, पण ते आठवायला काळीज लागतं.

माणसं आणताना हा गोड बोलायचा, आणली की पत्र्याच्या खोलीत कोंबायचा. हातमोजे मागितले की म्हणायचा, "आधी काम तर शीक!" एक दिवस सुकराम नावाच्या कामगाराच्या हातावर अ‍ॅसिड सांडलं. बोटं एकमेकांना चिकटली. कंपनी म्हणाली, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, हा कोण?

महाडच्या निशिगंधा वकिलांनी सुकरामचा भरपाईचा दावा लावला. पण तो हैबतीकडे कामाला होता, हे सांगणार कोण? हजेरीवर त्याचं नाव कधी चढवलंच नव्हतं, आणि सोबत्यांना आपापल्या पोटाची काळजी. सिद्ध झालं नसतं तर बिचारा तसाच हात घेऊन घरी गेला असता.

मग शिमगा आला. ग्रामदेवतेची पालखी हैबतीच्या अंगणात बसली आणि गुरवाने घरधन्याच्या वतीने गाऱ्हाणं घातलं. काय मागायचं ते हैबतीनेच त्याच्या कानात सांगितलं होतं.

"म्हाराजा, तुज्या ह्या लेकराकडं परमुलखाची मानसं कामाला हायत. त्यातल्या सुकरामचा हात भाजला. पुन्ना अशी पीडा नको, धंद्याला बरकत दे!"

"होय म्हाराजा!" गाव गरजला.

पालखीला आपण चढवलेली चांदी जगाला दिसावी म्हणून या दीडशहाण्याने तो व्हिडिओ स्वतःच मोबाइलच्या स्टेटसला लावला.

कोर्टात वकीलबाईंनी तोच दाखवला आणि विचारलं, "देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं खोटं होतं का?"

रुबाब दाखवायला हैबतीनेच आणलेले गावचे मानकरी मागे बसले होते. खोटं म्हणावं तर पालखी पुन्हा दारात यायची नाही. शेठने एकदा मागे वळून मानकऱ्यांकडे पाहिलं.

"गाऱ्हानं खरं हाय, साहेब," तो पुटपुटला. "मानूस माजाच व्हता."

दावा मान्य झाला. गावात आता हैबतीच्या सचोटीचं कौतुक चालतं आणि ते ऐकून मला किळस येते. कोर्टात सुकराम त्याच्यासमोरच उभा होता, हात पोटाशी धरून. त्या हाताकडे बघून मात्र शेठला एकदाही खरं बोलावंसं वाटलं नव्हतं.