गार होणाऱ्या पाण्याची रेघ

बाईंना मुलं पाठीमागे रेघबाई म्हणत, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. एकदा कुणीतरी फळ्यावरच तसं लिहून ठेवलं. बाईंनी ते पुसलं नाही. "ज्याने लिहिलंय त्याने एका ओळीत लिहायची सवय करावी, अक्षरं डोंगर चढतायत," एवढं म्हणून त्यांनी तास सुरू केला. वर्ग हसला आणि नाव कायमचं चिकटलं.

नाव काही उगाच पडलं नव्हतं. भौतिकशास्त्र शिकवणारे बरेच जण आधी सूत्र लिहून देतात आणि प्रयोग नंतर तोंडी लावायला ठेवतात. बाईंचा कारभारच उलटा. वर्षाच्या सुरुवातीला त्या पुस्तक उघडू द्यायच्या नाहीत. बाकांवर सामान मांडलेलं असायचं. इथे स्प्रिंग आणि वजनं, तिथे दोऱ्याला टांगलेला लोखंडी गोळा, खिडकीपाशी गरम पाण्याचं भांडं आणि त्यात थर्मामीटर. "मोजायच्या आधी हात वर करा आणि रेघ कशी जाईल ते हवेत काढून दाखवा," त्या सांगायच्या. "अंदाज चुकला म्हणून कुणी फासावर देत नाही." मग सगळ्या वर्गाचे हात हवेत वेडेवाकडे फिरायचे, कुणाचं बोट कुणाच्या डोळ्यात जायचं आणि एखादा आळशी मुलगा शेजारच्या मुलीची नक्कल करायचा. हवेतल्या रेघेची नक्कल करणारा मुलगा बाईंना मनापासून आवडे. निदान बघत तरी होता, म्हणायच्या.

मोजमाप झालं की वरात सभागृहात जायची. तिथली फरशी चौकोनी, मोठाल्या तुकड्यांची. लांब भिंतीच्या कडेने वेळ किंवा वजन मोजायचं, आखूड भिंतीच्या कडेने लांबी किंवा तापमान. ज्याने जे मोजलं त्याने आपापल्या फरशीवर जाऊन उभं राहायचं. मुलंच बिंदू. मग पहिल्याच्या हातात दोरी द्यायची आणि ती हातोहात शेवटच्यापर्यंत न्यायची. स्प्रिंगची दोरी सरळ ताणली जायची, फक्त एखादा बापडा दोन फरशा बाजूला एकटाच उभा असायचा. त्याला बाकीचे ओढायला लागले की बाई कडाडायच्या, "ओढू नका त्याला! आधी जा, स्प्रिंग परत मोजून या. कदाचित तोच बरोबर असेल." गोळ्याच्या झोक्याची दोरी वाकायची. दोऱ्याची लांबी दुप्पट केली तरी झोक्याचा वेळ दुप्पट होत नाही, हे मुलांना पायाखालच्या फरशीवरून कळायचं आणि ती चक्रावून जायची.

मुख्याध्यापक एकदा दारात येऊन म्हणाले होते, "बाई, तुमच्या तासाला मुलं नुसती दोरी धरून उभी असतात. शिकवता कधी?"

"उभी असतात तेव्हाच," बाई म्हणाल्या. मुख्याध्यापक पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

या साऱ्या खटाटोपाला लागणारे स्टँड, उतरणीच्या फळ्या आणि खोबणीचे लाकडी ठोकळे बाईंच्या यजमानांनी केलेले. ते सुतार होते. सगळा मोहल्ला त्यांना मिस्तरी म्हणे, आणि गमतीत बाईही. घराखालच्या मजल्यावर त्यांचं दुकान होतं. रंधा मारता मारता वर हाक द्यायचे, "अगं, तुझ्या त्या गोळ्याला टांगायला उंची किती हवी?" आणि बाईंनी सांगितल्यावर हमखास पुढे जोडायचे, "नवरा टांगायला असता तर जास्त लागली असती."

असा हा हसरा माणूस. जन्मभर लाकडाचा भुसा छातीत घेत राहिला आणि शेवटी छातीनेच दावा साधला. आधी जिना चढताना दम लागायला लागला, मग दुकान बंद झालं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरीच ठेवा. किती दिवस ते मला विचारू नका." बाईंनी विचारलं नाही. पण मिस्तरींना एकच ध्यास लागला होता, आणि तो बाईंना डोळ्यांत दिसत होता. मुलाला एकदा बघायचं होतं.

मुलगा एकुलता एक, जहाजावर इंजिन सांभाळणारा. सहा फुटी, दाढीवाला, तरी घरात अजून बाळ्याच. कंपनीने त्याला निक्षून सांगितलं होतं, या फेरीत एकदाच उतरता येईल, थोडेच दिवस. त्याने फोनवर आईलाच विचारलं.

"आई, लवकर आलो आणि परत जावं लागलं, तर नंतर मला सोडणार नाहीत. उशीर झाला तर... तू बघून सांग ना. हे तुला कळतं."

"सांगते," बाई म्हणाल्या. "वेळ आली की सांगते."

इथेच खरी गोम होती. दुसऱ्या कुठल्याही बाईने त्याच क्षणी 'ये रे बाबा' म्हणून टाहो फोडला असता. पण बाईंना जन्मभराची खोड. एका दिवसावरून काही ठरवायचं नाही, रेघ कुठे जाते ते बघायचं. त्या बघत राहिल्या. मिस्तरी आधी खिडकीपर्यंत चालायचे, मग खुर्चीपर्यंत, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचे. वाटीभर पेज अर्धी झाली, मग चमच्यांवर आली. आवाज घोगरा झाला आणि एके दिवशी पार गेला, नुसते ओठ हलत. मुलाचा फोन आला की बाई तो त्यांच्या कानाला लावायच्या. पलीकडे मुलगा बोलत राहायचा आणि त्याला इकडून फक्त श्वास ऐकू जायचा. घसरण इतकी भराभर होती की बाईंचा धीर सुटत चालला. आज बोलावते, उद्या बोलावते असं चाललेलं.

आणि मग घसरण थांबली.

आज जेवढे चमचे, उद्याही तेवढेच. आज जेवढा वेळ डोळे उघडे, उद्याही तेवढाच. ना चांगलं ना वाईट. शेजारीण म्हणाली, "टिकले हो!" बाई वरवर म्हणाल्या, घाई नको करायला. पण आतून त्यांना उकळ्या फुटत होत्या. रेघ आडवी झाली होती. त्याच सुमारास जहाज एका बंदराला लागलं आणि मुलाचा फोन आला.

"आई, कागद तयार आहेत. जहाज सकाळी सुटतंय. आत्ता उतरू का? पुढचं बंदर फार लांब आहे."

बाईंनी पलंगाकडे पाहिलं. मिस्तरी शांत पडले होते, छाती एका लयीत हलत होती.

"नको," त्या म्हणाल्या. "आता स्थिर आहेत. अशीच रेघ राहिली तर महिना दोन महिने सहज निघतील. तू पुढच्या बंदरावरून ये, मग निवांत राहशील."

"नक्की ना?"

"अरे, मी रोज बघतेय ना."

दुसऱ्या दिवशी शाळेत गरम पाण्याचा प्रयोग होता. बाईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा होता आणि मुलांनाही ते जाणवलं. हवेतल्या रेघा काढून झाल्या. बहुतेकांनी सरळ उतरणीच काढल्या, कारण पाणी गार होतं म्हणजे घसरगुंडीवरून उतरतं असंच कुणालाही वाटतं. मग भांड्यापाशी एकेकाने थर्मामीटर वाचला आणि जो वाचेल तो धावत सभागृहात जाऊन आपल्या फरशीवर उभा राहिला. सुरुवातीची मुलं एकमेकांपासून खूप खाली खाली उभी होती. पुढची जरा कमी खाली. शेवटची पाच-सहा तर एकाच रांगेत आली, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावीत तशी. दोरी आधी कड्यासारखी कोसळली आणि मग जमिनीवर लोळण घेतल्यासारखी आडवी झाली.

टोकाला एक किडकिडीत मुलगी उभी होती. वर्गात कधी तोंड न उघडणारी. दोरीचं शेवटचं टोक हातात घेऊन ती म्हणाली, "बाई, आम्ही सगळे सारख्याच फरशीवर आलो. म्हणजे आता पाणी गार व्हायचं थांबलं का?"

"हो, थांबलं गं," बाई नेहमीच्या उत्साहाने म्हणाल्या. "आता ते खोलीइतकंच गार झालंय. द्यायला त्याच्याजवळ काही उरलंच नाही. उरलं असतं तर रेघ अजून खाली..."

वाक्य तिथेच राहिलं. हे वाक्य त्या दरवर्षी बोलत आल्या होत्या. या वर्षी मात्र ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. हातातला खडू कधी पडला ते त्यांना कळलं नाही. मुलं दोरी धरून तशीच उभी होती आणि बाई सभागृहातून चालू लागल्या, मग पळू लागल्या. मुलांनी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं.

शाळेच्या पायऱ्यांवरून त्यांनी मुलाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. जहाज सकाळीच सुटलं होतं. मग त्यांनी निरोप ठेवला, 'ये, लगेच ये', आणि कुणाला ये म्हणतोय आपण, भर समुद्रातल्या माणसाला, हे त्यांच्या लक्षात आल्यावर त्या तिथेच पायरीवर बसल्या.

मिस्तरी त्यानंतर फार थांबले नाहीत. भर दुपारी, खिडकीतून ऊन पलंगापर्यंत आलेलं असताना त्यांनी डोळे उघडले आणि ओठ हलवले. बाईंनी कान तोंडापाशी नेला. आवाज नव्हता, पण शब्द कळला. "आला?"

"येतोय हो," बाई म्हणाल्या. "वाटेत आहे."

मिस्तरींनी मान दाराकडे वळवली. ती मग तशीच राहिली.

मुलगा पोचला तोवर सगळं उरकलं होतं. भेटायला येणाऱ्यांची रीघही आटली होती. त्याने बॅग दारात टाकली आणि सरळ खालच्या दुकानात जाऊन बसला. बाई चहा घेऊन गेल्या. तो रंध्यावर नुसता हात फिरवत होता. बाईंनी चहा ठेवला आणि बोलायचं ठरवून आल्या होत्या ते बोलून टाकलं.

"मी चुकले रे. तू बंदरात होतास. कागद तयार होते तुझे. मीच तुला नको म्हणाले. ते तुझी वाट बघत गेले, दाराकडे बघत. माझ्यामुळे तुझी गाठ पडली नाही त्यांच्याशी."

मुलाने वर पाहिलं नाही.

"तुझ्यामुळे नाही, आई," तो म्हणाला. "त्या दिवशी तू फोन ठेवलास ना, त्यानंतर बाबांचा फोन आला होता मला. तुला सांगू नको म्हणाले होते. म्हणाले, मी बरा आहे, तू कामावर जा, आईला उगाच घोर लावू नकोस. म्हणून नाही उतरलो मी. तू हो म्हणाली असतीस तरी नसतो उतरलो."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मिस्तरींच्या हातात चमचा धरायची ताकद नव्हती. आवाज जाऊन किती दिवस झाले होते. आणि हे या मुलाला पुरतं ठाऊक होतं, फोनवर त्याने तो रिकामा श्वास स्वतः ऐकला होता. खोटं बोलण्याची त्याला लहानपणापासून सवय नव्हती. आत्ताही त्याचे कान लाल झाले होते.

बाई त्याच्या शेजारी बाकड्यावर बसल्या. त्यांनी रंधा बाजूला सरकवला. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "आवाज कसा होता रे त्यांचा?"

"खणखणीत होता," मुलगा म्हणाला. "पूर्वीसारखाच."

"आणखी काय म्हणाले?"

मुलगा सांगत गेला, आणि बाई पदराने डोळे टिपत एकेक शब्द ऐकत राहिल्या.