आईच्या नऊवारीसाठी वाघोली ते बिबवेवाडी

शिंप्यानं कात्री उघडली आणि मी साडी ओढून घेतली. धाकट्या बहिणीच्या लग्नात मला आईची नऊवारी नेसायची होती. आई आता नाही. शिवून घेतली की सलवारीसारखी चढवता येते, पण कापायला जीव होईना. आणि नेसता तर येत नव्हती. म्हणून शनिवारी सकाळी साडी पिशवीत घातली आणि बिबवेवाडीला मावशीकडे निघाले.

वाघोलीहून जाणार असाल तर लवकर निघा. नगर रस्त्यावर बस इतकी रेंगाळली की शेजारच्या बाईंची मेथीची जुडी निवडून झाली. स्वारगेटला बस बदलून पोचले, तर मावशीचा उजवा हात प्लास्टरमध्ये!

"फोनवर सांगायचंस ना!"

"मग आली असतीस का? अहो, इकडे या. तुम्ही नेसा, मी सांगते."

काकांनी मुकाट्यानं पेपर बाजूला ठेवला आणि हाफ पँटवर मावशीची नऊवारी गुंडाळायला घेतली. त्यांचं बघून मी आईची.

"गाठ घट्ट मारा. आता निऱ्या. अहो, निऱ्या म्हणतेय, पेपरची घडी नव्हे!"

काकांच्या निऱ्या सरळ. माझ्या दोनदा सुटून पायाशी ढीग. तिसऱ्यांदा मात्र काष्टा मागे खोचला आणि काठ पोटरीवर अगदी आईच्या फोटोतल्यासारखा पडला. मावशीनं डाव्या हातानं काठ सारखा केला.

तेवढ्यात बेल वाजली. काकांनी तसंच जाऊन दार उघडलं. सोसायटीचे सेक्रेटरी.

"टाकी धुणार आहेत, पाणी... काका, हे काय?"

"नऊवारी. पाचवारी मला आखूड होते. पाण्याचं बोला."

मग उपमा खाल्ला. साडी सोडायचा धीर होईना, म्हणून तशीच बसनं परत आले. निम्म्या बसला मी नाटकातली वाटले असणार.

घरी आरशासमोर सगळं सोडलं आणि एकटीनं पुन्हा नेसले. जरा वेळ लागला, पण जमलं. कळवायला फोन केला, तर मावशी वैतागलेली.

"तू नेसलीस, छान झालं. आता यांना सोडायला सांग. दुपारपासून तशीच नेसून बसलेत. म्हणतात, बसायला काय मोकळं वाटतं!"