नवी पत्ती

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या विटा आगाराला ठाऊक होतं. विटा–मिरज गाडीवर कंडक्टर म्हणून उभा जन्म गेला माझा. कुणाची सून रुसून माहेरी निघाली, कुणाच्या उसाला तोड आली, कुणी कुणाचा बांध कोरला, सगळं तिकीट फाडता फाडता कानावर पडायचं आणि पुढच्या थांब्याला मी ते उतरवून मोकळा व्हायचो. आणि माझीच चुलत बहीण क्रांतीआक्का बघा. एका चुलीवरची भाकरी खाऊन वाढलो आम्ही, पण एक वेळ दगडाला पाझर फुटेल, हिला नाही.

तिचे वडील, म्हणजे आमचे अण्णा, बेचाळीसात भूमिगतांचे निरोप पोचवायचे. पोलिसांनी फोडून काढलं, पण त्यांनी कुणाचं नाव म्हणून सांगितलं नाही. पुढं मुलगी झाली तर तिचं नाव क्रांती ठेवलं आणि नावाबरोबर स्वतःचं ते गोष्ट जिरवणारं पोटही दिलं. आक्का मिरजेला नर्सिंग शिकली आणि तिथल्याच एका मोठ्या दवाखान्यात लागली. मध्ये लग्न झालं, ते टिकलं नाही. का टिकलं नाही हे तिनं अण्णांनाही सांगितलं नाही, मग मी कोण लागून गेलो?

आमच्याकडं आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे जीप भरून जायचं. केळी घ्यायची, बिस्किटाचे पुडे घ्यायचे, खाटेभोवती घटकाभर उभं राहायचं, "बरा हुशील बरं का" म्हणायचं आणि मग सगळ्यांनी जिन्यात आक्काला गाठायचं. "काय निघालं गं? गाठ हाय का? पोर पाडलं म्हणत्यात, खरं का?" आक्काचं उत्तर ठरलेलं. "वॉर्डातलं वॉर्डात." वर पुन्हा हसून, "चहा घेणार का?" एकदा तिच्या सख्ख्या वहिनीचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेही तिनं स्वतःच्या आईला सांगितलं नाही, कारण वहिनी नको म्हणाली होती. काकी महिनाभर तिच्याशी बोलली नाही. "आईला सांगंना, मोठी जगाची सिस्टर झालीया!" असं येईल-जाईल त्याला ऐकवायची. आक्का आपली दर शनिवारी माझ्या गाडीनं यायची, आईच्या शिव्या खायची आणि सोमवारी परत जायची.

आता लालासाहेबाचं सांगतो. तो गेला, त्याच्यामागनं त्याची बायको बनुबाई गेली, घराला कुलूप आहे. तरी आक्कानं हे ऐकलं तर म्हणेल, "नाथाजी, तोंड आवर." आजवर आवरलं नाही, आता काय आवरतंय!

लालासाहेब आमच्याच गल्लीतला. मिसरूड फुटायच्या आधी गलाईच्या धंद्यात कानपूरला गेला. सोनं-चांदी गाळायचं दुकान टाकलं. आमच्या भागात घरटी एक माणूस असा परमुलखात आहे, त्यात नवल नाही. पण लालासाहेब जत्रेला आला की पाराला शोभा यायची. गडी हसरा, बोलका, आणि दाढीच्या बाबतीत लय नखरेल. कानपुरात खुर्चीत बसून दाढी करणारा हा बाबा गावात आला की रोज आमच्या ज्ञानू न्हाव्यापुढं मांडी घालून बसायचा. "तिकडचे नुसते खरडत्यात रं. गालाला कळतंय ज्ञानूचा हात." एका जत्रेला त्यानं ज्ञानूला पत्ती बदलायचा नवा वस्तरा आणून दिला. ज्ञानूनं तो धोकटीत जपून ठेवला आणि दाढ्या आपल्या बापाच्या जुन्या वस्तऱ्यानंच करत राहिला. सगळ्या वाडीला तो एकच वस्तरा.

शहाण्णव साली लालासाहेब आला तो जत्रेला नाही. माझ्याच गाडीत बसला आणि मी त्याला ओळखलं नाही. तिकीट मागितलं तर म्हणाला, "काय नाथाजी, पैसं घेणार व्हय माझ्याकडनं?" तेव्हा आवाजावरनं ओळखला. नुसती हाडं उरलेली. मिरजेला नेला, आक्काच्याच वॉर्डात पडला. जीप गेली, केळी गेली, जिन्यात आक्काला गाठलं. आक्का म्हणाली, "वॉर्डातलं वॉर्डात."

डॉक्टरांनी खरं काय ते त्याला आणि बनुबाईला तेवढं सांगितलं होतं. पुढं बनुबाईनंच मला सांगितलं, की त्या दिवशी लालासाहेबानं आक्काचा हात धरला. "क्रांते, मरायचं भ्या न्हाई मला. पण वाडीत ह्ये कळलं तर माझ्या दारात कुत्रं फिरकायचं न्हाई. मरस्तवर चार माणसं येऊ देत गं माझ्याकडं. एवढंच कर."

आक्का म्हणाली, "माझ्या तोंडनं न्हाई कळायचं, दादा."

दवाखान्यात ठेवून करायचं तरी काय? तेव्हा त्या रोगाला धड औषध नव्हतं, जे होतं ते आपल्या माणसाच्या हाताला लागणारं नव्हतं. घरी धाडला. सोप्यात खाट टाकली. आणि खरंच सांगतो, माणसं यायची हो. रोज यायची. तंबाखू मळत बसायची, कारखान्याच्या गप्पा हाणायची, बनुबाईच्या चहाला नावं ठेवत दोन-दोन कप प्यायची. लालासाहेब पडल्या पडल्या हसायचा. रविवारी ज्ञानू यायचा. त्याची रीत अशी, की आधी आजारी-म्हातारी माणसं घरी जाऊन उरकायची आणि मग मारुतीपुढच्या पारावर बसून बाकीची वाडी भादरायची.

असाच एक रविवार. मी आणि आक्का आमच्या दारात उभे. ज्ञानू लालासाहेबाच्या घरातनं बाहेर आला, हातातल्या फडक्याला वस्तरा पुसत. फडक्यावर लाल डाग.

"लागलं का दादाला?" आक्कानं विचारलं.

"व्हय ताई, जरासं. कातडं लय पातळ झालंया. आता तुरटी लावलीया." असं म्हणून तो पाराकडं निघाला. पारावर माणसं गालाला पाणी लावून बसलेली.

आक्काचं तोंड मी तेव्हा बघितलं. गिळता येईना आणि थुंकता येईना, असं झालं होतं तिचं. मग ती पायात चप्पल न घालताच रस्त्यात उतरली.

"ज्ञानूदा, थांब. ह्यो वस्तरा आज ठीव. दादानं दिलेला पत्तीचा हाय न्हवं? तो काढ. अन् हितनं पुढं प्रत्येकाला नवी पत्ती."

"का ओ ताई?"

"मिरजंकडं कावीळ लय पसरलीया. रक्तातनं जाती. सगळीकडंच सांगाय लागल्यात." आणि मला पिटाळलं दुकानात, पत्त्यांचं पाकीट आणायला.

मी पाकीट घेऊन पारावर गेलो. ज्ञानू बिचारा सांगितलेलं ऐकणारा. एक दाढी झाली की पत्ती बदलायचा. माणसांना गंमत वाटली. "काय रं ज्ञानू, आमची लग्नं लावतोस काय पुन्यांदा?" ज्ञानू म्हणाला, "क्रांतीताईनं सांगितलं. कावीळ हाय म्हनं."

"कवा सांगितलं?" हे जोतिबा हवालदारानं विचारलं. पलटणीतनं पेन्शनीत आलेला माणूस, गालाला साबण लावून बसलेला.

"आत्ताच की. लालासाहेबाची करून भाईर आलो, जरा रगात आलं हुतं, तर ताईनं वस्तराच ठेवाय लावला."

जोतिबा सावकाश म्हणाला, "पलटणीत डॉक्टर लेक्चर द्यायचा आमाला. नवी पत्ती, नवी सुई. त्ये काविळीचं न्हवतं."

मग कशाचं होतं, हे कुणीच विचारलं नाही. विट्याच्या स्टँडवर भिंतभर एड्सची पाटी रंगवलेली होती, ती सगळ्यांनी वाचलेली. मी म्हणालो, "आवं हवालदार, कावीळच हाय. आक्का खोटं बोलंल व्हय?"

जोतिबा म्हणाला, "ती खोटं बोलत न्हाई, नाथाजी. ती बोलतच न्हाई. आज बोलली, म्हणून म्हणतोय." आणि टॉवेलानं साबण पुसून तो तसाच उठून गेला.

संपलं. कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही. दुसऱ्या दिवसापासनं लालासाहेबाच्या सोप्यात माणूस यायचा बंद झाला. नळावर बनुबाई आली की बायका घागरी अर्ध्या भरलेल्या उचलायच्या. ज्ञानूला पारावर सांगितलं, "तिकडं जाणार असशील तर आमच्याकडं येऊ नगंस." त्याचं पोट वाडीवर. तो काय करणार? च्यायला, जत्रेला ज्याचे पेढे मिटक्या मारून खाल्ले त्याच्या दारावरनं जाताना ही माणसं पाय उचलून चालायची. राग येतो मला अजून, पण राग काढायचा कुणावर? सगळे आपलेच.

पुढच्या शनिवारी गाडीत गर्दी नव्हती. मी आक्काशेजारी बसलो आणि म्हणालो, "आक्का, एवढं सांभाळलंस. तेवढं वाक्य गिळलं असतंस तर?"

"आणि तो वस्तरा कुणाच्या गालावरनं फिरला असता? तुझाबी नंबर हुताच की पारावर." एवढं म्हणून ती रडायला लागली. लग्न मोडलं तेव्हा रडली नव्हती ही बाई. "दोनीकडनं मेले रे मी," म्हणाली. तासगाव येईपर्यंत पदर डोळ्यावरनं काढला नाही तिनं.

आणि खरी कुचंबणा पुढंच होती. लालासाहेबाला यातलं काही माहीत नव्हतं. तो खाटेवरनं विचारायचा, "आज कोण आलं न्हाई गं?" बनुबाई सांगायची, ऊसतोड चालू हाय, माणसं रानात हाईत. आक्का रविवारी यायची, तीही तेच सांगायची. गावापासनं त्याचं लपवत होती, आता त्याच्यापासनं गावाचं लपवायची पाळी आली.

"ज्ञानू कसा येईना?" तो गालावर हात फिरवत म्हणायचा. खुंट वाढून तोंड ओळखू येईनासं झालं होतं. आक्का म्हणाली, "त्याच्या हाताला विळा लागलाय, दादा."

मग एका रविवारी तीच दाढीचं सामान घेऊन आली. ऑपरेशनच्या आधी पेशंटची दाढी, पोटावरचे केस काढायची सवय होती तिला. मी गरम पाण्याचा वाडगा धरला. बनुबाईनं पाठीशी उशी दिली. आक्कानं साबण लावला, नवी पत्ती घातली आणि उजवा गाल असा अलगद केला, की ज्ञानूनंही मान डोलवावी. लालासाहेबानं डोळे मिटले होते. बरं वाटत होतं त्याला, दिसत होतं.

तेवढ्यात पारावरनं हसण्याचा आवाज आला. त्यात ज्ञानूचा आवाज, "मान वर करा, आवं, मान वर करा."

लालासाहेब डोळे न उघडता म्हणाला, "ज्ञानूचा हात बरा झाला म्हणायचा."

बनुबाई उठून आत गेली.

"वाडीला कळलं न्हवं, क्रांते?"

मी "छ्या, छ्या, कुणाला कळतंय" म्हणायला तोंड उघडलं होतं. आक्का म्हणाली, "व्हय, दादा."

"कुणी सांगितलं?"

हवालदाराचं नाव सांगता आलं असतं. ज्ञानूचं सांगता आलं असतं. वस्तऱ्याची सगळी गोष्ट सांगता आली असती, आणि ती खरीच होती. आक्का म्हणाली, "मीच. माझ्याच तोंडनं कळलं."

मला ओरडावंसं वाटलं, की अगं बाई, सगळं सांग की!

लालासाहेबानं डोळे उघडून तिच्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून उजव्या कुशीवर वळला. डावा गाल साबण लावलेला तसाच वर राहिला.

आक्का वस्तरा धरून बसून राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "दादा, हिकडची ऱ्हायलीया." तो वळला नाही. साबण गालावर वाळून गेला.

त्याच आठवड्यात तो गेला. मी विट्याच्या बूथवरनं मिरजेला फोन लावला. आक्का पोचली तेव्हा तिरडी बांधून झाली होती. उचलायला मी, आमचा थोरला भाऊ आणि पलूसहून आलेले बनुबाईचे दोघे भाऊ. बाकीची वाडी कोपऱ्यावर लांब उभी. ज्ञानूही होता, काखेत धोकटी मारून, खाली बघत.

आक्कानं लालासाहेबाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं. एक गाल केलेला, त्यावर थोडे खुंट आलेले, आणि दुसऱ्यावर दाढी होती तशी. तिनं पिशवी उघडली, नव्या पत्तीचा कागद सोडवला आणि खाली बसली.

बनुबाईनं तिचा हात धरला. रडत नव्हती ती. "नगं, वन्सं," म्हणाली. "त्येनी तुमच्याकडनं करून घेतली नसती."

आक्कानं पत्ती परत कागदात गुंडाळली. आम्ही त्याला तसाच नेला.