जानरावांनी हॉल सोडवला

शेलूबाजारात जानराव सरकटे यांच्या घराला लागून माझं किराणा दुकान आहे. शेजारी म्हणून मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला हवेत आणि ते बोलेनही. पण आधी हे ऐका, की स्वतःच्या घरात नवा कोरा संडास असताना हे कुटुंब कित्येक महिने सकाळी डबा घेऊन माझ्याकडे येत होतं. कारण काय, तर तो संडास अजून बँकेचा होता! आणि वर त्यांच्या कर्जाला जामीन कोण? तर मीच.

जानराव वीज कंपनीत लाइनमन. भर वादळात खांबावर चढतील, पण उधारीचं नाव काढलं की हातपाय गार. माझ्याकडे त्यांचं उधारीचं खातं कधी नव्हतं. अशा माणसानं पंधरा वर्षांचं गृहकर्ज काढून घर बांधलं. पुढे ओटा, मग हॉल, त्यामागे एक खोली, शेवटी स्वयंपाकघर, मोरी आणि संडास, ओट्याला लागून गच्चीचा जिना. लिलाबाईंचं अर्धं आयुष्य भाड्याच्या एका खोलीत गेलेलं. घर बांधून होईतो त्या रोज येऊन हॉलच्या खिडकीखाली उभ्या राहायच्या आणि मला म्हणायच्या, “भाऊ, मले बाकी काही नको. इथं पंख्याखाली दुपारची झोपली म्हंजे झालं.”

बुद्धवंदना झाली, खीर वाटली, पाहुणे गेले आणि जानरावांनी हॉलला कुलूप लावलं.

“अवो, हे काय?” लिलाबाईंनी विचारलं.

“घर गहाण हाये,” जानराव म्हणाले. “माह्या आयचे दागिने सावकाराकडे होते. बाप एकेक दागिना सोडवत गेला. आधी जोडवे, मंग पाटल्या. सोडवल्याबिगर आयनं कधी अंगावर घातला काय? आपुन बी तसंच करू. जेवढं फिटलं तेवढंच वापरू.”

मी समजावून पाहिलं. बँकेचं तसं नसतं, आपण राहत राहत फेडायचं असतं, म्हणून दहा वेळा सांगितलं. ते म्हणाले, “भाऊ, तुमी जामीनदार हाये, तुमाले घाबरून चालत नाही, म्हणून धीर द्याले तुमी असं म्हणता.” आता यावर माणसानं काय बोलावं! लिलाबाईंनाही त्यांचंच पटलं, कारण सासूच्या त्या पाटल्या पुढे त्यांच्याच हातात आल्या होत्या.

सुरुवातीला पदरचे पैसे भरले होते, त्यांच्या हिशेबानं त्यात ओटा आणि जिना बसला. म्हणून नवरा, बायको आणि शाळेत जाणारी पल्लवी ओट्यावर राहू लागले. चूल ओट्यावर, शिलाई मशीन जिन्याखाली. पावसाळ्यात ताडपत्री बांधायचे. येणारा-जाणारा विचारायचा, घराचं काम अजून चालू आहे का? लिलाबाई म्हणायच्या, “हो, हप्त्याचं काम चालू हाये.”

वर्ष झालं आणि जानराव बँकेतून आले ते थेट माझ्या दुकानातल्या बाकावर बसले. वर्षभर हप्ते भरले आणि मूळ कर्जातून जेमतेम संडासाच्या तीन भिंती सुटल्या होत्या. बाकी सगळं व्याजात गेलं होतं.

“व्याज माहं घर खाऊन राह्यलं, भाऊ,” ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनीच सांगितलं की काउंटरवरच्या पोराकडून एक गोष्ट कळली. हप्त्याच्या वर जे जास्तीचं भरू ते सरळ मुद्दलात जातं आणि मुदतही कमी होते.

त्या दिवसापासून माझ्या धंद्याची वाट लागली. चहा एक वेळ, तोही काळा. तेल पावशेर घेऊन जायचे आणि पुरवून पुरवून महिना काढायचे. दोघांत एकच मोबाइल. दिवाळीचा बोनस, पगारवाढीचा फरक, लिलाबाईंच्या ब्लाउजांची शिलाई, सगळं बँकेत. दर वेळी पावती आली की जानराव टेप घेऊन फरशी मोजायचे आणि खडूनं रेघ मारायचे. संडासाची चौथी भिंत सुटली तेव्हा माझ्या बायकोनं पेढे वाटले.

मग स्वयंपाकघराचं काम निघालं. मागच्या दारानं बोळातून आत जाता यायचं. दिवाळीपर्यंत अर्धं सुटलं, म्हणजे गॅसचा ओटा आपला आणि भांड्यांची मोरी बँकेची. लिलाबाई पोळ्या आत लाटायच्या आणि भांडी बाहेर नळावर घासायच्या. एकदा चुकून लाटणं रेघेपलीकडे घरंगळलं. जानराव घरी येईपर्यंत ते तिथंच पडून होतं.

मागची खोली सुटता सुटता पल्लवी नर्स झाली आणि रिठदचं स्थळ आलं. पोराकडचे येणार, त्यांना बसवायचं कुठं? लिलाबाई पहिल्यांदाच अडून बसल्या. “एक दिवस हॉल उघडा. पोरीच्या जिंदगीचा सवाल हाये.” जानराव सकाळीच बँकेत गेले आणि एका दिवसासाठी हॉल भाड्यानं मिळेल का म्हणून विचारलं. समोर ही रांग लागलेली. साहेब मान वर न करता म्हणाले, “काका, आम्ही असलं काही देत नाही.”

जानराव परत आले. “साहेब नाही म्हणतात.”

पाहुण्यांना मी बोळातून मागच्या खोलीत नेलं. हॉलला कुलूप का, असं पोराच्या बापानं विचारलंच. जानरावांनी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, “असा माणूस हुंडा देनार नाही अन कोनाचं बुडवनार बी नाही.” लग्न ठरलं, साध्या पद्धतीनं झालं. लिलाबाईंनी पोरीला ओट्यावरून निरोप दिला. कुलूप लागल्यापासून हॉलमध्ये त्यांनी पाय ठेवला नव्हता.

पंधरा वर्षांचं कर्ज नवव्या वर्षी फिटलं. कागद आणायला आम्ही तिघं गेलो. जानरावांनी मला पेढे घ्यायला लावले, तेही उधार नको म्हणून रोखीनं. बँकेत आता नवीन साहेब होत्या, रंजीता मॅडम. त्यांनी कागद हातात दिले आणि मुदतीच्या इतकं आधी फेडलं म्हणून कौतुक केलं.

लिलाबाईंनी विचारलं, “मॅडम, आता हॉल आमचा ना?”

“हॉल?” मॅडम हसल्या. “अहो काकू, सगळं घर पहिल्या दिवसापासून तुमचंच होतं. आमच्याकडे फक्त कागद होते.”

मी हेच सांगत होतो, हे बोलायची ती वेळ नव्हती, एवढी अक्कल मला आहे. लिलाबाई नवऱ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “मंग मी ओट्यावर कायले झोपली?” जानराव पेढ्यांचा पुडा सोडू लागले. त्यांनी खरोखरच तसं मानलं होतं, त्यात लबाडी नव्हती.

घरी येऊन जानरावांनी कुलूप काढलं. लिलाबाई आत गेल्या, पंखा लावला, पदरानं खिडकीखालची धूळ झटकली आणि उघड्या फरशीवर आडव्या झाल्या. जानराव चपला काढून उंबऱ्यापर्यंत गेले.

“लिला, येऊ काय आत?”

“नाही. तिथंच बसा.”

“किती येळ?”

“मी बाहेर बसली तितका.”

जानराव ओट्यावर बसले. संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. आवाज मोठा होता, मला दुकानात ऐकू येत होतं. “बाबा, सुटला का हॉल?”

“सुटला बेटा,” जानराव म्हणाले. “तुह्या मायले भेटला.”

“अन तुमाले?”

त्यांनी एकदा आत पाहिलं. “मले आता तिच्याकून सोडवा लागते.”