कावळामुक्त सोसायटी

लालबागच्या टॉवरचे सेक्रेटरी कुशाबा परब म्हणजे स्वच्छतेचा अवतारच. चाळ पाडताना वाचलेला उंबर त्यांनी तोडायला लावला, कारण काय, तर कावळे गाडीवर शिटतात. मग गच्चीत प्लास्टिकची हिरवळ अंथरून ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असा बोर्ड लावला. तो वाचूनच बहुधा उरलेल्या पाखरांनीही बिऱ्हाड हलवलं.

पितृपक्षात वडिलांचं पान घेऊन कुशाबा त्याच हिरवळीवर उन्हात उभे राहिले. “काव, काव” करून घसा बसला, पण पानाला कावळा शिवेना. शेवटी त्यांनी हात जोडले. “आबा, गावचं घर दुरुस्त करतो, नातीचं लग्न लावतो. अजून कसली इच्छा राहिलीय?”

त्यांची बायको मालन फणकारली, “मामंजींनी हातानं लावलेला उंबर तोडलात. आता त्यांनी येऊन बसायचं कुठं, तुमच्या डोक्यावर?”